न परतलेल्या पित्याची संमती

संगमनेर येथे १९८८ साली परित्यक्ता स्त्रियांची जी परिषद भरली, तिने अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याला, आणि पुढे साऱ्या महाराष्ट्राला, अशा एका स्त्रीवर्गाची दखल घ्यावयास लावले की, ज्यातील स्त्रीचा पती हयात असूनही तिला सवाष्णीचा मान नव्हता, आणि वैधव्य आले नसल्यामुळे विधवेविषयी समाजाला वाटणारी तुटपुंजी कणवही तिच्या वाट्यास येत नव्हती. अॅड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेल्या या चळवळीमुळे पोटगीचा, निवाऱ्याचा आणि शिधापत्रिकेचा प्रश्न चव्हाट्यावर आला. तो सुटला असे आजही कोणी म्हणणार नाही. परंतु त्या स्त्रीच्या कडेवर जे मूल होते, त्याच्या एका प्रश्नाकडे मात्र अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. ही स्त्री रीतसर घटस्फोट मिळवून पुन्हा विवाह करते, तिचा दुसरा पती त्या मुलाला मनापासून आपले मानतो, त्याच्या शाळेची फी भरतो, आजारपणात त्याच्या उशाशी बसतो, आणि एके दिवशी त्याला विधिपूर्वक दत्तक घ्यावे अशा इच्छेने वकिलाकडे जातो; तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो हा की, मुलाच्या जन्मदात्या पित्याची संमती आणली आहे काय? जो पिता आठ-दहा वर्षे घरी परतला नाही, ज्याने मुलाची चौकशी केली नाही की एक रुपया धाडला नाही, आणि ज्याचा ठावठिकाणा त्याच्या सख्ख्या भावांनाही सांगता येत नाही, त्याची संमती आणावयाची कोठून?

माझे म्हणणे असे आहे की, पितृत्वाचा हक्क हा पितृत्वाच्या कर्तव्यावर उभा असतो. आणि ज्याने ते कर्तव्य स्वेच्छेने व दीर्घकाळ टाकून दिले, त्याचे नुसते मौन मुलाच्या दत्तकविधानाला प्रतिबंध करण्यास पुरेसे असू नये. परंतु असा हक्क संपुष्टात आणावयाचा तर तो उघड न्यायासनासमोर, त्या पित्यास इतल्ला देऊन, पुरावा तपासून आणि केवळ मुलाच्या हिताकडे पाहून संपुष्टात आणला जावा. आडमार्गाने, खोट्या शपथपत्राने किंवा कचेरीतील कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. या दोन्ही गोष्टींची एकत्र तजवीज करणारे कलम आपल्या कायद्यात आज नाही.

हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह कायदा १९५६ सालचा आहे, आणि तो हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. त्याच्या ९ व्या कलमात मूल दत्तक देण्याचा अधिकार कोणाचा, हे सांगितले आहे. मुळात हा अधिकार पित्याचा होता आणि मातेने त्यास केवळ संमती द्यावयाची होती. २०१० च्या दुरुस्तीने उभयतांना समान अधिकार मिळाला, आणि एकाने तो दुसऱ्याच्या संमतीवाचून वापरू नये अशी अट राहिली. या अटीला अपवाद तीनच: दुसऱ्याने संसाराचा पूर्णपणे व अंतिमतः त्याग करून संन्यास घेतलेला असावा, अथवा तो हिंदू राहिलेला नसावा, अथवा सक्षम न्यायालयाने त्याला विकलमनस्क ठरविलेले असावे. मुलाला वाऱ्यावर सोडून जाणे हा अपवाद या यादीत नाही. आई आणि बाप या दोघांनीही मुलाचा त्याग केला असेल, तर पालकाने न्यायालयाची पूर्वपरवानगी घेऊन त्याला दत्तक द्यावे अशी तरतूद त्याच कलमात आहे. म्हणजे परित्याग ही गोष्ट विधिकारांना ठाऊक नव्हती असे नाही. परंतु एकाने त्याग केला आणि दुसरीने पदर खोचून मुलाला वाढविले, तर त्या वाढविणारीला मात्र त्याग करणाऱ्याच्या सहीची प्रतीक्षा करीत बसावे लागते.

शेजारच्या कायद्यांशी ताडून पाहिले म्हणजे या उणिवेचे गांभीर्य ध्यानात येते. हिंदू विवाह कायद्यानुसार पतीने सलग दोन वर्षे परित्याग केला, तर पत्नीला घटस्फोट मागता येतो. आणि तो हयात असल्याचे सात वर्षांत ज्यांना कळावयास हवे होते त्यांना कळले नाही, तर तेही घटस्फोटाचे स्वतंत्र कारण ठरते. बालन्याय कायदा, २०१५ प्रमाणे कोणी एखादे अर्भक देवळाच्या पायरीवर ठेवून गेले, तर बाल कल्याण समिती त्याच्या आईबापांचा शोध घेते, आणि ते न सापडल्यास दोन वर्षांपर्यंतच्या बालकाला दोन महिन्यांत व त्याहून मोठ्याला चार महिन्यांत दत्तक देण्यास विधिमुक्त ठरविते. अहिल्यानगर येथील स्नेहालय संस्थेच्या स्नेहांकुर केंद्रासारख्या ठिकाणी आलेल्या बालकांना याच मार्गाने घर मिळते, आणि तो मार्ग अत्यंत योग्य आहे. पत्नीच्या बाबतीत दोन वर्षे पुरतात, अनाथवत सोडलेल्या बालकाच्या बाबतीत चार महिने पुरतात. परंतु आईच्या कुशीत वाढलेल्या मुलाच्या बाबतीत पित्याने किती वर्षे तोंड फिरविले म्हणजे पुरे, याचा आकडा १९५६ च्या कायद्यात कोठेच लिहिलेला नाही.

बालन्याय कायद्याखाली सावत्र पित्याला किंवा मातेला दत्तक घेण्याचा दुसरा एक रस्ता उपलब्ध आहे. जन्मदाती माता आणि तिचा पती यांनी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावयाची, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून कागदपत्रांची छाननी व्हावयाची, आणि २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून अंमलात आल्यानंतर अंतिम आदेश न्यायाधीशाऐवजी जिल्हाधिकाऱ्याने द्यावयाचा, असा तो रस्ता आहे. परंतु तेथेही जन्मदात्या मातापित्यांची संमती मागितली जातेच, आणि मुलाच्या ताब्याविषयी दावा चालू असेल तर तो निकालात निघेपर्यंत प्रकरण पुढे सरकत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या क्षमतेविषयी मला शंका नाही. परंतु दुष्काळ, पाणीटंचाई, निवडणुका आणि भूसंपादन यांच्या फायलींमध्ये गुंतलेल्या अधिकाऱ्याने एखाद्या अनुपस्थित माणसाच्या पितृत्वाचा फैसला करावा, ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे आणि त्या माणसावरही. मनुष्याचे एवढे निकटचे नाते तोडावयाचे, तर ते साक्षीपुरावा तोलण्याची ज्यांना सवय आहे त्यांनीच तोडावे.

दत्तकविधान झाले नाही म्हणून काय बिघडते, प्रेमाला कागद कशाला हवा, असा प्रश्न कोणी विचारील. बिघडते ते असे. मुलाची आई उद्या अकाली वारली, तर ज्याने त्या मुलाला दहा वर्षे वाढविले तो सावत्र पिता कायद्याच्या दृष्टीने त्याचा कोणीच नसतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने 'पिता' या संज्ञेतून सावत्र पित्याला स्पष्टपणे वगळले आहे, आणि नैसर्गिक पालक म्हणून दावा सांगण्याचा मान जातो तो निघून गेलेल्या पित्याकडे. सावत्र पिता मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या वारसांच्या यादीत हे मूल पुत्र किंवा कन्या म्हणून येत नाही. फेरफाराच्या नोंदीत त्याचे नाव चढत नाही, आणि कालपर्यंत ज्या ओसरीवर ते खेळले त्या ओसरीत त्याचा हिस्सा राहत नाही. शिवाय १९५६ च्या कायद्यानुसार, तशी रूढी सिद्ध झाल्याखेरीज, पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दत्तक घेता येत नाही. सबब पित्याचा शोध, समन्स, बेलिफाचा अहवाल आणि पुढील तारीख यांत जी वर्षे जातात, ती अन्य दाव्यांतल्याप्रमाणे नुसती वाया जात नाहीत, तर या मुलाचा अधिकारच कायमचा हिरावून नेतात. यावर उपाय म्हणून कोणी संमतीवाचूनच दत्तकपत्र करून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदविले, तर ते वरकरणी भक्कम दिसते. परंतु पुढे चुलतभावांनी वारसाचा दावा लावला की त्या नोंदणीचा पाया ढासळतो, आणि तोपर्यंत ते मूल चाळिशीला पोहोचलेले असते.

कायदा असा का झाला, याचे उत्तर त्याच्या पूर्वपीठिकेत आहे. आपला दत्तकाचा धर्मशास्त्रीय विचार मुलासाठी निर्माण झालेला नव्हता. तो पिंडदानासाठी, कुळाच्या सातत्यासाठी आणि वतनाच्या रक्षणासाठी निर्माण झाला. मुंबई इलाख्यात ज्याला विशेष प्रमाण मानीत, त्या 'व्यवहारमयूख' ग्रंथाचा कर्ता नीलकंठ भट्ट हा मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातला. आणि त्याच्या परंपरेत दत्तकविधान म्हणजे एका कुळाने दुसऱ्या कुळाला पुत्र देणे होते. देणारा अर्थातच पिता, कारण पुत्र हे त्याच्या कुळाचे धन. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले ते दत्तक नामंजूर करून; बडोद्याचे सयाजीराव १८७५ साली आणि कोल्हापूरचे शाहू महाराज १८८४ साली गादीवर आले ते दत्तकविधानाने. अशा व्यवहारात पित्याची संमती निर्णायक असणे स्वाभाविक होते. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यातही हीच दृष्टी दिसते: विधवेने पुनर्विवाह केला, तर मृत पतीच्या मुलांचे पालकत्व त्याच्या नातलगांना न्यायालयाकडे मागता येईल, अशी तजवीज त्यात होती. १९५६ च्या कायद्याने कन्येलाही दत्तक घेण्याची मुभा देऊन मोठे पाऊल टाकले खरे. परंतु पुत्र हयात असता दुसरा पुत्र दत्तक घेऊ नये, हे जुने बंधन त्याने तसेच ठेवले. त्यामुळे पहिल्या विवाहापासून एक मुलगा असलेल्या पुरुषाने आपल्या दुसऱ्या पत्नीच्या मुलाला त्या कायद्याखाली दत्तक घेणे आजही अशक्य आहे. वंश अखंड राहिला की दत्तकाचे प्रयोजन संपले, असा त्यामागील तर्क आहे. मुलाला पित्याची गरज आहे, हा विचार तेथे गौण आहे.

संन्यासाचा अपवाद याच जुन्या विश्वातून आला, आणि त्या अपवादाची कथा आमच्या जिल्ह्याला परकी नाही. ज्या नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथील मातीलाच ठाऊक असलेली ही गोष्ट आहे. ज्ञानेश्वरांचे वडील, आपेगावचे विठ्ठलपंत, संसार सोडून काशीस गेले आणि संन्यास घेते झाले; पत्नीच्या संमतीवाचून हे घडले असे कळल्यावर गुरूंनी त्यांना गृहस्थाश्रमात परत धाडले; आणि त्यानंतर जी चार मुले झाली, त्यांच्यावर संन्याशाची पोरे असा शिक्का बसून शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणच्या धर्मपीठापुढे उभे राहावे लागले, असे परंपरा सांगते. आश्रमधर्माचा नियम मोडला होता पित्याने. प्रमाणपत्र मात्र मागितले गेले मुलांकडे. सात शतकांनंतर आपण पुन्हा तेच करीत आहोत. पित्याने विधिपूर्वक भगवी वस्त्रे धारण केली, तर कायदा त्याच्या सहीवाचून पुढे जाण्यास तयार आहे. परंतु कोणताही विधी न करता तो एखाद्या शहराच्या गर्दीत नाहीसा झाला, तर त्याच्या गैरहजेरीचा कागद पैदा करण्याचे ओझे मुलाच्या आणि त्याच्या आईच्या माथी येते.

न्यायालयांनी या बाबतीत कायद्याच्या पुढे पाऊल टाकले आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. १९७० साली सर्वोच्च न्यायालयापुढे जिजाबाई गजरे खटला आला, तो आपल्या महाराष्ट्रातलाच. अज्ञान मुलीच्या जमिनीचा व्यवहार आईने केला होता. पिता हयात होता, परंतु वीस वर्षांहून अधिक काळ तो विभक्त राहत होता आणि मुलीच्या कोणत्याही गोष्टीत लक्ष घालीत नव्हता. अशा परिस्थितीत पिता जणू अस्तित्वातच नाही असे मानून आईलाच नैसर्गिक पालक समजावे, असा निर्णय न्यायालयाने दिला. पुढे १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात, पित्या'नंतर' माता पालक होते या वाक्यातील 'नंतर' म्हणजे केवळ पित्याच्या मृत्यूनंतर नव्हे, तर त्याच्या अभावी, आणि मुलाविषयीची त्याची पूर्ण उदासीनता हाही अभावच होय, असा अर्थ लावला गेला. म्हणजे मुलाच्या नावाने बँकेत ठेव ठेवावयाची वा जमीन खंडाने लावावयाची असेल, तर निघून गेलेल्या पित्यास अविद्यमान मानता येते. जमिनीच्या बाबतीत जे तत्त्व चालते, ते मुलाच्या बाबतीत का चालू नये?

याउलट बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे, कारण ती हलकी नाही. पाथर्डी, शेवगाव आणि जामखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कारखान्यांकडे जाणारी कुटुंबे वर्षाचा निम्मा काळ गावाबाहेर असतात. मुकादमाची उचल न फिटल्यामुळे कित्येकांना गावी तोंड दाखविणेही कठीण होते. अशा पित्याने पैसे पाठविले नाहीत म्हणून त्याने मुलाचा त्याग केला असे ठरविणे, म्हणजे दारिद्र्यालाच अपराध मानणे होईल. कोणी तुरुंगात असतो, कोणी मनोरुग्णालयात. कोणाला सासरच्यांनी दारातून परत पाठविलेले असते, आणि त्याने लिहिलेली पत्रे मुलाच्या हाती पडूच दिलेली नसतात. दोन कुटुंबांतील वैराच्या भरात मुलाचे नाव बदलून पित्याला कायमचा पुसून टाकण्याची इच्छा होणेही मनुष्यस्वभावाच्या पलीकडचे नाही. ज्या हक्काच्या समाप्तीनंतर मागे फिरण्याचा मार्ग नाही, तो हक्क काढून घेताना न्यायासनाने हात आखडता घ्यावा, हे मला पूर्णपणे मान्य आहे. स्त्रियांप्रमाणेच पुरुषांच्याही असहायतेची कदर करणाराच कायदा टिकतो.

मुलाच्या दृष्टीनेही यात एक जोखीम आहे, आणि ग्रामीण भागात ती सर्वांत मोठी. दत्तकविधानानंतर जन्मकुळाशी असलेले नाते कायद्याने तुटते. दत्तकविधानापूर्वी जी मालमत्ता मुलाकडे निहित झाली असेल ती त्याचीच राहते, असे १९५६ च्या दत्तक कायद्याचे १२ वे कलम सांगते. परंतु वडिलोपार्जित एकत्र जमिनीत जन्माने मिळालेला हिस्सा असा निहित समजावा की नाही, याविषयी निरनिराळ्या उच्च न्यायालयांत मतभेद आहेत. मायेच्या भरात केलेल्या दत्तकविधानाने मुलाचा सातबाऱ्यावरचा हक्क जाणार असेल, तर ते हित नव्हे. आणि ज्या आजी-आजोबांनी आपला मुलगा परागंदा झाल्यावरही नातवाला अंतर दिले नाही, त्यांचे नाते पुत्राच्या दोषासाठी तोडण्याचे काय कारण?

म्हणूनच मी सुचवितो तो उपाय ९ व्या कलमात एका नव्या अपवादाची भर घालण्याचा आहे. ज्या मातेने अथवा पित्याने सलग दोन वर्षे, शक्य असूनही, मुलाशी संपर्क ठेवला नाही आणि त्याच्या पोषणाचा भारही उचलला नाही, त्याची संमती अनावश्यक असल्याचे जिल्हा अथवा कुटुंब न्यायालयाने स्वतंत्र अर्जावर जाहीर करावे. 'शक्य असूनही' या शब्दांत ऊसतोड मजुराचे, कैद्याचे आणि रुग्णाचे संरक्षण आहे. अर्जाची नोटीस शेवटच्या ज्ञात पत्त्यावर बजावली जावी, गावातील घरावर चिकटविली जावी, तो माणूस जेथे असण्याचा संभव आहे तेथील वृत्तपत्रात प्रसिद्ध व्हावी. पोलीस पाटील आणि भावकी यांचे जबाब घेतले जावेत. आणि एवढे करूनही जो हजर होत नाही त्याच्या वतीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने वकील नेमावा, म्हणजे रिकाम्या खुर्चीविरुद्ध निकाल झाला असे होणार नाही. मुलाला समज आली असेल तर न्यायाधीशाने त्याच्याशी स्वतः बोलावे. जमिनीतील त्याचा हिस्सा आधी निश्चित करून मगच दत्तकविधानास परवानगी द्यावी, आणि आजी-आजोबांच्या भेटीगाठी आदेशातच नमूद कराव्यात. अर्ज दाखल झाला त्या दिवशीचे मुलाचे वय हेच ग्राह्य धरावे, म्हणजे न्यायालयातील विलंबाचा दंड त्याला भोगावा लागणार नाही. आणि हे सारे सहा महिन्यांच्या मुदतीत पुरे व्हावे.

हे काही जगावेगळे मागणे नाही. इंग्लंडच्या २००२ च्या कायद्यानुसार जन्मदाता सापडत नसेल, किंवा मुलाच्या हितासाठी आवश्यक असेल, तर न्यायालयाला त्याच्या संमतीवाचून दत्तकाचा आदेश देता येतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मुलाला दुसऱ्या पालकाकडे सोडून, टाकून देण्याच्या इराद्याने, वर्षभर पोषण वा संपर्क न ठेवणाऱ्याचा हक्क संपविता येतो. आणि त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली असे बजावले आहे की, आईबापांचा हक्क संपविण्यासाठी साध्या पुराव्याने भागणार नाही, तो स्पष्ट आणि खात्रीलायक असावा लागेल. दार उघडे ठेवावे, पण उंबरठा उंच असावा, असा या दोन्ही गोष्टींचा एकत्रित अर्थ आहे, आणि तोच आपणही स्वीकारावा.

दत्तकाच्या दोन कायद्यांत मेळ घालण्याची शिफारस संसदेच्या स्थायी समितीने २०२२ साली केलीच आहे; परंतु दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे महाराष्ट्राला कारण नाही. विवाह, अज्ञान मुले आणि दत्तक हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत, आणि राष्ट्रपतींची अनुमती घेऊन राज्याला आपल्यापुरती दुरुस्ती करता येते. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत पुत्राच्या बरोबरीने जन्मतः हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ साली केला, तेव्हा केंद्राला तेच करण्यास आणखी अकरा वर्षे लागावयाची होती. ज्या विधिमंडळाने कन्येचा हक्क ओळखण्यात एवढी तत्परता दाखविली, त्याने टाकून दिलेल्या मुलाच्या बाबतीतही पुढाकार घ्यावा. जिल्ह्यातील आमदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, या दुरुस्तीचे अशासकीय विधेयक पुढील अधिवेशनात मांडावे. आणि ज्या वकील मंडळींना अशा प्रकरणांचा रोजचा अनुभव आहे, त्यांनी त्याचा मसुदा तयार करून द्यावा. नऊ वर्षांच्या मुलाला पंधरा वर्षे पूर्ण होण्यास सहाच वर्षे उरलेली असतात, आणि विधिमंडळाच्या कामकाजात सहा वर्षे कशी निघून जातात हे आपण सर्वच जाणतो.